बंद न ठेवायचा फोन

मनुरेवा उपनगरातल्या फार्मसीत लंचला बसलेल्या कांचनने लेकीला, मैत्रेयीला, सातव्यांदा फोन लावला. रिंग वाजत होती, पण पोरगी उचलेल तर ना! दक्षिणेकडे समुद्रालगतच्या डोंगरात ती स्कीइंगला गेली होती. "फोन बंद करायचा नाही, तुला माझी शपथ आहे," असं कांचननेच बजावलं होतं.

धास्तावून तिने हिमस्खलनाचा इशारा वाचला. भिजून गोठलेल्या थरावर वाऱ्याने नवा बर्फ आणून टाकला होता, धोका वाढला होता. खाली सूचना होती: फोन बंद ठेवा, गाडलेल्या माणसाचा पत्ता देणाऱ्या अंगावरच्या यंत्राच्या सिग्नलला तो अडथळा करतो.

कांचनने डबा बाजूला सारला. आता हे कळवायचं तरी फोनवरच! तिने नंबर लावला आणि जन्मात पहिल्यांदा लेकीचा फोन बंद लागावा म्हणून देवाला हात जोडले.

रिंग वाजली.