रीमर्सनंतर रोझेबोम

ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी सकाळी डीना रोझेबोम मॅम्रे कॉलेजच्या व्यायामशाळेत शिरायला गेली, तेव्हा दारातल्या पिवळ्या शर्टाच्या मुलीने तिला हसून अडवलं.

"पालकांची सभा चॅपलमध्ये आहे, काकू. हे नव्या विद्यार्थ्यांसाठी आहे."

"माझे आईबाप दोघंही वर गेलेत," डीना म्हणाली. "त्यांची सभा ते बघून घेतील. तू माझा बिल्ला शोध. रोझेबोम."

मुलीने यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. मग टेबलावरचे बिल्ले चाळले, मग टेबलाखालचं खोकं काढलं. त्यात कर्मचाऱ्यांचे बिल्ले होते. त्यातल्या एकावर लिहिलं होतं: डीना, स्वयंपाकघर.

"कोणाची तरी चूक झालीये," मुलगी ओशाळून म्हणाली. तिचं नाव हायडी. तिसऱ्या वर्षाला होती आणि डीनाच्या हातचं दोन वर्षं जेवली होती. पण पांढऱ्या टोपीशिवाय तिने डीनाला कधी पाहिलं नव्हतं. आत्ता कुठे तिला ओळख पटली.

डीनाने तो बिल्ला उलटा केला, हायडीच्या हातातलं पेन घेतलं आणि कोऱ्या बाजूवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: एव्हर्डीना रोझेबोम, पहिलं वर्ष. टाचणी लावली आणि आत गेली.

ती बासष्ट वर्षांची होती. आठवी झाल्यावर बापाने तिला गाई दुहायला गोठ्यात घातलं, कारण न्यू उट्रेख्त या त्यांच्या गावातल्या सगळ्याच बापांना तेव्हा मुलींसाठी आठवी पुष्कळ वाटे. पुढे गेरिटशी लग्न, दोन मुलगे, आणि मग एकतीस वर्षं कॉलेजच्या स्वयंपाकघरात. मे महिन्यात तिला निवृत्त केलं, भिंतीवरचं घड्याळ दिलं. कॉलेजात नोकरी केलेल्याला तिथे फुकट शिकता येतं असा नियम पहिल्यापासून होता. प्राध्यापकांच्या बायका कधीमधी चित्रकला शिकत. स्वयंपाकघरातून मात्र आजवर कोणी अर्ज केला नव्हता. डीनाने तीन वर्षांपूर्वीच गुपचूप शाळेची परीक्षा बाहेरून दिली होती. जूनमध्ये तिने अर्ज टाकला.

गावात एकच बोलणं. तिची बहीण विनी फोनवर म्हणाली, "बासष्टाव्या वर्षी दप्तर? लोक हसतील गं."

"हसू देत. गेरिट गेल्यापासून ते माझ्याकडे बघून नुसती मान हलवतात. हसले तर बदल होईल."

खरं कारण तिने विनीला सांगितलं नाही, कारण ते सांगताना तिलाच ते फार लहान वाटे. एकतीस वर्षं तिने जेवणघरातली टेबलं पुसली. पोरं जेवता जेवता वाद घालत. आपण काय करणार हे देवाला आधीच ठाऊक असेल, तर पाप आपलं कसं, असं एखादा विचारी. समोरचा म्हणे, थांब, त्यात गोम अशी आहे की... आणि नेमका तेवढ्यात डीनाला ट्रेंचा ढीग उचलून आत जावं लागे. परत येईपर्यंत टेबलावर बास्केटबॉल सुरू झालेला असे. गोम काय होती ते तिला एकदाही कळलं नाही.

व्यायामशाळेत नव्या मुलांचे गट पाडले. डीना हायडीच्याच गटात आली. एकमेकांवर विश्वास बसावा म्हणून एक खेळ होता: एकाने डोळे मिटून मागे पडायचं, बाकीच्यांनी झेलायचं. डीनाची पाळी आली तशी हायडी हळूच म्हणाली, "तुम्ही बसून बघितलंत तरी चालेल."

"कोणाला चालेल?"

"म्हणजे... कॉलेजचे डीनसाहेब म्हणाले, तुम्हाला त्रास होता कामा नये."

डीनाने चष्मा काढून हायडीच्या हातात दिला. "मी हलकी नाही, सांगून ठेवते," ती मागच्या सहा जणांना म्हणाली, आणि पडली. विस्कॉन्सिनहून आलेली एक बारकी मुलगी तिच्या वजनाने गुडघ्यावर आली, पण पोरांनी झेललं. उठताना डीनाची कंबर चांगलीच दुखली. तिने हायडीकडून चष्मा परत घेतला.

दुपारी जेवणाच्या रांगेत तिने ट्रे घेतला. काचेपलीकडे पळी घेऊन आर्लीन उभी होती. दोघींनी एका भट्टीपाशी वीस वर्षं काढली होती.

"तिथे काय करतेस? मागे ये की," आर्लीन म्हणाली. "आपल्या टेबलावर तुझं वाढून ठेवलंय."

"मी रांगेत आहे, आर्लीन."

"म्हणजे आता आम्ही तुला वाढायचं?"

"इतकी वर्षं मी पोरांना वाढलं. आज बटाटे दे."

आर्लीनने पातेल्याच्या कडेचे करपलेले बटाटे खरवडून काढले आणि ट्रेवर आपटले. "आमच्यात बसायला लाज वाटायला लागली होय," ती पुढच्या मुलाकडे बघत म्हणाली. डीनाला ते लागलं. लाज वाटत नव्हती. पण त्या टेबलावर एकदा बसली की ती चार वर्षं तिथेच बसेल हेही तिला माहीत होतं. ती हायडीच्या गटात जाऊन बसली. पोरं तिच्यासमोर जपून बोलत होती. वाद कोणीच घालत नव्हतं.

शुक्रवारी सगळ्या नव्या मुलांना तासाभरात निबंध लिहायचा होता: तुमचं मत बदललं असा एक प्रसंग. डीनाने एका मुलीबद्दल लिहिलं. अन्न टाकणारी पोरं माजलेली असतात असं तिला वाटायचं. मग एका वर्षी एक मुलगी रोज भरलेलं ताट परत करू लागली, आणि डीनाने तिला सगळ्यांसमोर झापलं. ती मुलगी आजारी होती. नंतर ती संध्याकाळी स्वयंपाकघरात स्टुलावर येऊन बसे, आणि डीना तिला न विचारता अर्धा टोस्ट पुढे ठेवी. लिहून झालं तेव्हा डीनाचा हात दुखत होता आणि तिला वाटलं, बरं झालंय.

शनिवारी कॉलेजच्या डीनने, डॉ. टर हार यांनी, तिला बोलावून घेतलं. माणूस भला होता. त्यांच्या मुलीच्या लग्नाचा केक डीनानेच केला होता. त्यांनी तिला खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि मग कागद उलटसुलट करत म्हणाले, "डीना, एक छोटीशी अडचण आहे. निबंधावरून तुम्हाला लेखनाच्या पूर्वतयारीच्या वर्गात घातलंय. आठ जण आहेत. बहुतेक फुटबॉलची मुलं. तुम्हाला तिथे बसवणं मला बरं वाटत नाही. माझ्या एका सहीने ते रद्द होईल."

"तपासलं कोणी?"

"नव्या आल्यात एक, मिस हॅनरहन. बॉस्टनच्या. तुम्ही कोण हे त्यांना माहीत नव्हतं."

"मग बरोबर तपासलं असेल. दाखवा."

दीड पानात पूर्णविराम तीन होते. बाकी सगळं एका दमात पळत सुटलं होतं. लाल शाईने कडेला लिहिलं होतं: इथे कोण बोलतंय? आणि खाली: ही मुलगी पुढे कशी आहे? डीनाने ते दोनदा वाचलं. तिचे कान तापले. बरं झालंय असं वाटलेलं तिला आठवलं.

"सही करू नका," ती म्हणाली.

"यात कमीपणाचं काही नाही, पण—"

"कमीपणाचं आहे. म्हणून तर म्हणते, करू नका. मला येत नाही ते शिकायला आले. तुम्ही ते माफ केलंत तर मी इथे कशाला आले?"

डॉ. टर हार यांनी नाक चोळलं. मग त्यांनी दुसरा विषय काढला, जो खरा विषय होता. रविवारी दुपारी चॅपलमध्ये नव्या मुलांचं स्वागत. एकेकाचं नाव पुकारतात, तो पुढे जाऊन मोठ्या वहीत सही करतो. डीनाने व्यासपीठावर बसावं, ते तिच्याबद्दल दोन शब्द बोलतील, कॉलेजच्या मासिकाचा फोटोवालाही येणार आहे. "मुलांना स्फूर्ती मिळेल."

"नको."

"पाच मिनिटांचा प्रश्न आहे, डीना."

"मे महिन्यात तुम्ही मला घड्याळ दिलंत, भाषण केलंत, मी रडले. निरोप एकदाच देतात, डॉक्टर. मी खाली बसेन, पोरांत."

ते हसले आणि "बरं, बरं" म्हणाले. एकतीस वर्षांत डीनाने त्यांचं "बरं, बरं" अनेकदा ऐकलं होतं. जेवणघराला नवीन पंखे देतो म्हणतानाही ते असंच म्हणाले होते.

रविवारी चॅपल भरलं होतं. पालक भिंतीकडेने उभे होते, कागदांनी वारा घेत होते. उघड्या खिडक्यांतून मक्याचा आणि डुकरांच्या गोठ्यांचा वास येत होता. लांबून आलेले पालक नाक मुरडत होते, गावचे नाही. नावं आडनावांच्या इंग्रजी अक्षरक्रमाने चालली होती. डीना मधल्या बाकावर विस्कॉन्सिनच्या त्या बारक्या मुलीशेजारी बसली होती आणि तळवे झग्याला पुसत होती.

"केव्हिन रीमर्स, ऑरेंज सिटी, आयोवा," डॉ. टर हार यांनी पुकारलं.

केव्हिन रीमर्स गेला, सही करून आला. डीना सावरून बसली.

"अमांडा रस, पेला, आयोवा."

डीना उठता उठता थांबली. रस आरमध्येच, पण 'आर-यू', म्हणजे रोझेबोमच्या 'आर-ओ'नंतर. एवढं तिला आठवीपर्यंतही शिकवलं होतं. तिने मान उंचावून पाहिलं: फोटोवाला कोपऱ्यात कॅमेरा मांडीवर ठेवून निवांत बसला होता. त्याला घाई नव्हती. त्याचं काम शेवटी होतं.

त्या क्षणी तिला आधी राग आला नाही, थकवा आला. बसून राहिलं तर शेवटी टाळ्या होतील, सगळे उभे राहतील, आणि उद्यापासून ती कोणाच्याही वर्गातली नसेल. ती कॉलेजची डीना असेल. राग त्यानंतर आला. ती उठली आणि बाकावरच्या पोरांचे गुडघे ओलांडत मधल्या वाटेवर आली. अमांडा रस वहीपाशी पोचत होती. डीना तिच्या मागे जाऊन उभी राहिली.

डॉ. टर हार यांनी माईकवर हात ठेवला. "डीना, तुमचं शेवटी आहे," ते कुजबुजले. "खास ठेवलंय."

"माझं नाव रीमर्सनंतर येतं."

"दहा मिनिटं फक्त. सगळी तयारी—"

"तुम्ही पुकारा, नाहीतर मी पुकारते. मागे मुलं खोळंबलीत."

ती कुजबुजली नव्हती. पहिल्या तीन बाकांना ऐकू गेलं. कोणीतरी खोकलं. अमांडा रसने पेन पुढे केलं आणि बाजूला झाली. डॉ. टर हार यांच्या मानेवर लाली चढली. मग त्यांनी माईकवरचा हात काढला आणि बाकी सगळ्यांची वाचली तशाच कोरड्या आवाजात तिचं नाव वाचलं.

"एव्हर्डीना रोझेबोम, न्यू उट्रेख्त, आयोवा."

तिने सही केली. पूर्ण नावाची, सावकाश. फोटोवाला धडपडत उठला तोवर ती बाकाकडे निघालीही होती. डॉ. टर हार पुढचं नाव पुकारत होते.

नंतर हिरवळीवर लिंबू सरबत होतं. पिंपापाशी आर्लीन होती. तीन दिवस ती डीनाशी बोलली नव्हती.

"तू मधेच का गेलीस?" ती पेला भरता भरता म्हणाली. "शेवटी केक आणायचा होता. रात्री बसून केलाय मी. दोन थरांचा."

डीनाला हे माहीत नव्हतं. तिने पेला घेतला आणि प्यायली नाही.

"त्यावर काय लिहिलंस?"

"तुझं नाव. आणखी काय लिहिणार."

"कुठे आहे?"

"आत. आता कुत्र्याला घालीन."

"मला कोपरा दे," डीना म्हणाली. "बाकीचा काप आणि बाहेर आण. माझ्या गटातल्या पोरांना फार भूक लागते."

"तुझ्या गटातली पोरं," आर्लीन म्हणाली. पण ती आत गेली, आणि मोठ्या ताटात वीस तुकडे घेऊन आली. कुठल्याच तुकड्यावर अख्खं नाव उरलं नव्हतं. कोपरा तिने वेगळा, कागदी रुमालावर ठेवला होता. तो डीनाच्या हातात देताना ती म्हणाली, "साखर जास्त झालीये का?"

"झालीये थोडी."

"मला वाटलंच."

दोघी उभ्या उभ्या खात राहिल्या. डीनाला वाईट वाटत होतं, आणि ती पुन्हा तशीच उठली असती, हेही तिला ठाऊक होतं. तिने आर्लीनला सॉरी म्हटलं नाही. जाताना पिंप उचलायला एका बाजूने हात लावला, तेव्हा आर्लीनने तिचा हात झटकला. "जा, तुझे कपडे भिजतील."

सोमवारी सकाळी आठ वाजता ग्रंथालयाच्या तळघरात पूर्वतयारीचा वर्ग भरला. आठ जण. मिस हॅनरहन तिशीच्या आत होत्या आणि भराभर बोलत. हजेरी घेताना त्या डीनाच्या नावापाशी थांबल्या, मान वर केली, पाहिलं, आणि पुढे गेल्या.

"सकाळपासून काय काय केलंत ते दहा वाक्यांत लिहा," त्या म्हणाल्या. "प्रत्येक वाक्य संपवा."

डीनाने वही उघडली. पहिलं वाक्य लिहिलं आणि थांबली. ठिपका दिला. दुसरं लिहायला घेतलं. शेजारचा फुटबॉलवाला, दरवाज्याएवढा मुलगा, तिच्या कागदावर वाकून बघत होता.

"तुम्ही काय लिहिलंय?" त्याने हळूच विचारलं.

"आपापलं लिही," डीना म्हणाली, आणि कोपर आडवं करून तिने आपला कागद झाकला.