कार्बनची मुदत

“पंधरा दिवसांपूर्वीच बदललात ना कार्बन? मग आज परत कशाला?” अरविंद सरांनी विचारलं.

मल्लाप्पानं माशांच्या टाकीच्या फिल्टरमधली कोळशाची जाळीदार पिशवी काढून बादलीत ठेवली. “संपलाय सर. पाणी पिवळं पडलंय.”

“महिनाभर तरी टिकतो तो. तीन फ्लॅट्समध्ये हेच चाललंय तुमचं. फसवताय तुम्ही. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय मी तसं.”

बंगळूरच्या व्हाइटफील्डमधल्या या सोसायटीतल्या अकरा टाक्या निपाणीचा मल्लाप्पा चौदा वर्षं सांभाळत होता. त्यानं नेहमीसारखा पांढरा कागद टाकीच्या मागच्या काचेला लावला. पाण्यातून कागद पिवळा दिसला, की कोळसा संपला.

“या अक्का, तुम्हीच बघा की.”

सरांच्या पत्नी विद्याताईंनी वाकून बघितलं. “पांढराच दिसतोय, मल्लाप्पा.”

“स्वल्प नीट बघा.”

“पांढराच आहे हो.”

मल्लाप्पानं कागद काढून खिडकीच्या उजेडात धरला. आता मधे पाणी नव्हतं, काच नव्हती. तरी त्याला कागद तसाच पिवळा दिसला.

लबाड ठरलं तरी हातापाया पडून दोन-चार घरं टिकली असती. पण नजर गेलेल्याच्या हाती मासे कोण देणार?

“मला कागदबी पिवळाच दिसतोय सर,” तो शेवटी म्हणाला. “एका डोळ्याचं ऑपरेशन झालतं. साखरेनं तो गेलाच. आता हा दुसराबी चाललाय.”

सर वरमले. घाईनं फोन काढून त्यांनी आधीचा मेसेज पुसला, नवा लिहिला आणि वाचून दाखवला. “मल्लाप्पांनी कुणालाही फसवलेलं नाही. त्यांना नीट दिसत नाही. आरोप केला ही माझी चूक.” मग विचारलं, “पाठवू ना?”

“सरी, पाठवा. खरं तेच लिवलंय.”

जुनी पिशवी परत फिल्टरमध्ये बसवेपर्यंत मल्लाप्पाचा फोन दोनदा वाजला. मेसेज वाचून सोसायटीतल्या दोन घरांनी गोड आवाजात सांगितलं, “अण्णा, या आठवड्यात नको.”

आणलेला नवा कोळसा घेऊन तो सिंकपाशी गेला. “हा पंधरा दिवसांनी घाला, अक्का. घालायच्या आधी असा धुवायचा. काळं पाणी पूर्ण जायला पायजे.”

त्यानं नळ सोडला, नवी पिशवी दोन्ही हातांनी चोळली. विद्याताई शेजारी उभ्या होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी सवयीनं विचारलं, “झाला का साफ?”

मल्लाप्पानं पिशवी धारेखालीच धरून ठेवली.

“तुम्ही सांगा,” तो म्हणाला.