गवतवाल्यांच्या नोंदीतल्या अडीच ओळी

चरित्रकोशाच्या कचेरीत मी एकवीस वर्षं उपसंपादक आहे. म्हणजे नेमकं काय करता, असं कोणी विचारलं की मी सांगतो, मोठ्या माणसांना लहान करतो. कोणी धरण बांधलेलं असो की चाळीस वर्षं वर्तमानपत्र चालवलेलं असो, आमच्याकडे आला की त्याला एक रकाना, फार तर दीड. उरलेला माणूस माझ्या टेबलाखालच्या टोपलीत. या विनोदावर मी बरीच वर्षं खूश होतो.

सातव्या खंडात गवतवाल्यांची नोंद होती. हे आम्ही कचेरीत पाडलेलं नाव. गृहस्थ गवतांचे मोठे अभ्यासक. वीस वर्षं माळ आणि डोंगर पालथे घालून त्यांनी एक जाडजूड ग्रंथ केला आणि दोन वर्षांपूर्वी वारले. नोंद बाहेरच्या एका जाणकाराने लिहून पाठवली होती. ती तपासताना माझी पेन्सिल मधल्या अडीच ओळींवर थांबली. ग्रंथातली चारशे बारा चित्रं कोणी काढली ते तिथं नावानिशी लिहिलं होतं. ती बाई प्रत्येक भटकंतीत सोबत होती आणि कित्येक जाती आधी तिनंच वेगळ्या ओळखल्या, असंही लिहिलं होतं.

ती बाई म्हणजे माझी मावशी, आईची धाकटी बहीण. तिनं लग्न केलं नाही. आई नोकरीवर जायची तेव्हा मला सांभाळलं तिनं, आणि फसलेल्या चित्रांच्या पाठकोऱ्या कागदांवर अक्षरं गिरवून घेतली तीही तिनंच.

आमच्याकडे नियम आहे. नोंदीत आपला नातेवाईक निघाला तर मुख्य संपादकांना तशी चिठ्ठी द्यायची. ते नोंद दुसऱ्याच्या टेबलावर टाकतात. पाच मिनिटांचं काम. मी चिठ्ठी लिहायला घेतलीही होती. तेवढ्यात चहा आला, आणि शेजारच्या टेबलावरच्या इतिहासवाल्याने ती नोंद उचलून वाचली. म्हणाला, "वीस वर्षं दोघं गवतात काय करत होते, ते मात्र लिहिलेलं नाही."

सगळे हसले. मीही हसलो. नुसता हसून थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मला फार सुचतं ना. मी म्हणालो, "चित्रं काढत होते की." पुन्हा हशा पिकला.

आता यानंतर चिठ्ठी कोणत्या तोंडाने द्यायची? जिच्यावर मी हसलो ती माझी मावशी आहे, हे चारचौघांत कसं सांगायचं? चिठ्ठी मी खिशात घातली. पुढच्या आठवड्यात छपाईसाठी पानं जुळवली, तेव्हा गवतवाल्यांची नोंद तीन ओळींनी पानाबाहेर जात होती. अशा वेळी ज्यांची स्वतंत्र नोंद नाही त्यांची नावं आधी काढायची, हाही नियमच. मी नियमावर बोट ठेवलं आणि त्या अडीच ओळींवर काट मारली. वरची अर्धी ओळ त्यांच्या पुरस्कारांतून कापली. नंतर तिथं वाक्याचा सांधा उघडा पडला, म्हणून ओळीत उरलेल्या जागेत एक छोटं वाक्य घालून तो बुजवला. सफाईने केलं सगळं. त्या दिवशी मला हलकंसुद्धा वाटलं, हे सांगायची लाज वाटते.

खंड छापून आला आणि मावशीचा फोन आला. "लिहिणारे गृहस्थ मागं मला भेटून गेले होते. नोंद झालीये म्हणे. घेऊन ये रे, वाचून दाखव."

तिचं वय ब्याऐंशी. नजरेचा मधला भाग गेलाय. माणूस बघायला ती मान तिरकी करते. छापलेलं अक्षर आता तिला दिसत नाही. मी गेलो तेव्हा ती इस्त्रीचं पातळ नेसून खुर्चीत ताठ बसली होती. खंड तिनं आधी मांडीवर घेतला, वजन पाहिलं, मग माझ्या हातात दिला.

मी वाचू लागलो. जन्म, शिक्षण, नोकरी. काट मारलेल्या जागी आलो आणि त्या अडीच ओळी तोंडपाठ म्हणून टाकल्या. तिच्या नावासकट. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही.

तिनं मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "जाती ओळखल्याचंही लिहिलंय?"

"हो."

"मी त्यांना म्हटलं होतं, माझं नाव घालू नका. माझा भाचा तिथं कामाला आहे, त्याला उगाच कोणीतरी बोलेल. ऐकलं नाही त्यांनी." ती हसली. "बरं झालं ऐकलं नाही ते. पानात खूण घालून ठेव. उद्या वरच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिका येणारेत, आणखी दोघीतिघींना घेऊन. त्या छान वाचतात."

उद्या त्या बाई खणखणीत आवाजात वाचणार आणि मावशी चारजणींत मान तिरकी करून वाट बघत बसणार.

"मावशी, ते छापलेलं नाही," मी म्हणालो. "मी मनानं म्हटलं."

"म्हणजे?"

"होतं. काढलं."

"मुख्य संपादकांनी?"

"नाही. मी."

"जागा नसेल."

ती मला एकेक दार उघडून देत होती. जागा खरंच नव्हती, पण त्या दारातून बाहेर पडायची मला त्या क्षणी किळस आली. "पुरस्कार काढता आले असते," मी म्हणालो. "कचेरीत तुमच्या दोघांवरून चेष्टा झाली. मीही केली. मग तू माझी कोण, हे सांगायची लाज वाटली."

तिनं हात मांडीवर ठेवले. "वाच," ती म्हणाली. "आहे तसं."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्या जागी आलो आणि सांधा बुजवायला घातलेलं वाक्य समोर आलं. ते मला वगळता आलं असतं, तिला काय कळणार होतं? पण वाचलं. "हा प्रचंड ग्रंथ त्यांनी एकहाती सिद्ध केला."

"हे त्या गृहस्थांनी नाही लिहिलं," मावशी म्हणाली.

"नाही."

तिनं मान हलवली. रडली नाही, रागावलीही नाही. रागावली असती तर मी पाय धरले असते. तेवढीही सोय तिनं ठेवली नाही. बाजूच्या टेबलावर चाचपडून तिनं फोन उचलला आणि बोटांनी मोजत आकडे दाबले. त्याआधी खंड माझ्या हातातून काढून घेऊन तिनं मांडीवर ठेवला होता.

"अहो बाई, उद्या नका येऊ," ती म्हणाली. "पुस्तक अजून आलंच नाही. हो ना, वेळ लागतो त्या लोकांना. भाच्यानं पुष्कळ खटपट केली हो, तो तरी काय करणार बिचारा."