भिंतीपलीकडचं पाणी

कुंदाने साडी पोटरीपर्यंत खोचली आणि ती पाइपाच्या मागोमाग निघाली.

बेसमेंटच्या उतारावरून वर येऊन तो जाडजूड पाइप वॉचमनच्या केबिनला वळसा घालत मागच्या भिंतीकडे गेला होता. सकाळपासून पाऊस धो धो कोसळत होता. जोगेश्वरीभर रिक्षा बंद पडल्या होत्या, पण तिच्या इमारतीचं बेसमेंट कोरडंठाक. पंप घरघरत होता. एवढं पाणी जातं तरी कुठे? मुलाला, हर्षदला, विचारलं तर तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला होता, "गटारात जातं गं. तुला काय करायचंय?"

भिंतीपाशी पाइप वर चढून पलीकडे उतरला होता. पलीकडे पूर्वी उघडं गटार होतं, हे तिला ठाऊक होतं. ती फाटकाबाहेर पडली आणि मागच्या गल्लीत आली.

लग्न होऊन ती याच गल्लीत आली होती. पुनर्विकासाची हद्द आखली तेव्हा तिची खोली आत गेली, शेजारच्या शेवंतीची बाहेर राहिली. दोन्ही खोल्यांच्या मध्ये नुसती एक भिंत होती.

आता गटाराच्या जागी सिमेंटचा ओटा होता. पाइपाचं पाणी त्यावर आदळून सरळ दारांकडे धावत होतं. शेवंती गुडघाभर पाण्यात उभी राहून गॅसची शेगडी टेबलावर चढवत होती.

"काय गो कुंदा, आज खाली कशी? ये, खाटेवर पाय घेऊन बस. चहा टाकते."

कुंदा बसली. उंबऱ्यातून आत येणाऱ्या पाण्याकडे ती बघत राहिली.

"हे आमचं पाणी गं."

"मग कोणाचं?" शेवंती हसली. "तुमचा पंप सुरू झाला की आम्ही गाद्या माळ्यावर टाकतो. एका परीने बरं आहे, आधी कळतं तरी."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलून तू काय केलं असतंस?"

शेवंतीच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. चहाचा कप हातात धरून ती उत्तराची वाट बघत राहिली. कुंदाने चहा संपवला, कप स्वतःच विसळला आणि पाणी तुडवत परत निघाली.

बेसमेंटच्या तोंडाशी पंपाच्या स्विचची पेटी होती. वॉचमन जेवायला गेला होता. कुंदाने फोन लावला.

"हर्षद, खाली ये. गाडी बाहेर काढ. बाकीच्यांनाही सांग."

"का? बेसमेंट कोरडं आहे ना?"

"आहे, अजून तरी," ती म्हणाली आणि दुसऱ्या हाताने तिने पेटीचं झाकण उघडलं.