शेराचं लिटर करताना

माझे सासरे हौसेराव वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं निरीक्षक होते. सातारा जिल्ह्यातल्या गवळ्यांचे शेर जप्त करून त्यांच्या हाती लिटर देणं, हे त्यांचं जीवनकार्य. ब्याण्णव साली निवृत्त होऊन ते आमच्याकडे वाशीला आले. गवळी सुटले, आम्ही सापडलो.

पुढच्याच उन्हाळ्यात माझ्या दीड वर्षाच्या राजेश्वरीला जुलाब लागले. दुपारपर्यंत ओठ सुकले, रडायचंही त्राण उरलं नाही. डॉक्टरांनी साखर-मिठाची पुडी दिली आणि बजावलं, उकळून गार केलेल्या बरोबर एक लिटर पाण्यातच कालवा. पाणी कमी पडलं तर पोरीला अपाय होईल. 

घरात लिटरचं माप नव्हतं. काळजी नको, म्हणत मामंजींनी ट्रंकेतून पितळी शेर काढला. त्यांच्या आई गावी ज्याने दूध घालायच्या, तो. अख्ख्या जिल्ह्याचे शेर सरकारजमा झाले, हा तेवढा आठवण म्हणून राहिला. कायदा तो कायदा, पण आई ती आई. मग कागद-पेन्सिल आली. शेर म्हणजे नऊशे तेहतीस मिलिलिटर. म्हणजे लिटरला एक शेर, एक छटाक आणि वर दोन चमचे. खात्री म्हणून त्यांनी गणित पुन्हा मांडलं. नातीला कुठे घाई होती?

सासूबाईंनी तोवर दुधाच्या अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या पातेल्यात रिकाम्या केल्या, धुतल्या, त्याच पिशव्यांनी उकळून गार केलेलं पाणी मोजलं आणि पुडी कालवली. मी चमच्याने पाजायला बसले.

मामंजी खवळले. पिशवीवर खात्याचा शिक्का आहे का, म्हणाले. पिशवी किती लबाड आहे ते दाखवायला त्यांनी पातेल्यातलं दूध शेरात ओतलं. हिशेबाने छटाकभर, म्हणजे अर्धा कपही नाही, एवढं उरायला हवं होतं; चांगलं कपभर उरलं. दुधाची पिशवी जास्त भरते, असा गुन्हा त्यांनी बत्तीस वर्षांत पाहिला नव्हता. पुन्हा ओतलं, पुन्हा तेवढंच उरलं. मग शेर रिकामा करून त्यांनी आत बोटं घातली. सबंध जिल्ह्याची मापं तपासली, घरचं कधी तपासलं नव्हतं.

“बूड ठोकून वर घेतलंय,” ते पुटपुटले.

“आत्याबाईंनीच घेतलं हुतं,” सासूबाई आपल्या सासूबद्दल म्हणाल्या. “मी नांदायला आले तवाच मला दावलं.”

“मग इतकी वर्षं बोलली नाहीस?”

“तुमी जप्ती करनारं. आन त्याच दुधावर तुमी मॅट्रिक झाला. काय बोलू?”

मामंजी शेर मांडीवर घेऊन बसून राहिले. इतका वेळ मी मनातल्या मनात त्यांना हसत होते, आता बघवेना. राजेश्वरीने आणखी पाणी मागितलं, तशी वाटी-चमचा मी त्यांच्या हातात दिला.

किती पाजायचं, असं त्यांनी मला विचारलं.