छबूबाईचा दुसरा नवस

शेवगावच्या बाजारात पोती वाहणारा सहादेव चव्वेचाळीस साली आतड्याला पीळ पडून मरता मरता वाचला, तो नगरच्या राधाकृष्ण डॉक्टरांमुळे. पण त्याच्या बायकोला, छबूबाईला, विचाराल तर डॉक्टर निमित्तमात्र. आत ते पोट उघडत होते, तेव्हा बाहेर व्हरांड्यात ही मढीच्या कानिफनाथाला, तिच्या कानोबाला, नवस बोलली होती : माणूस जगू दे, पैठणहून गोदेच्या पाण्याची कावड त्याच्याच खांद्यावर तुझ्या पायरीला आणवीन.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, सहा महिने जड काही उचलायचं नाही. छबूबाईने मान डोलावली. पोती उचलायची नाहीत हे तिला पटलंच होतं. कावड म्हणजे काही ओझं नव्हे, ती सेवा! चौथ्या महिन्यात फाल्गुन आला आणि सहादेव दोन भरल्या घागरी खांद्याला लावून अनवाणी निघाला. देवाचं राहिलं तर देव कोपतो; पोटाचं काय, ते शिवलेलंच होतं.

मढीचा गड चढून झाला, देवाला पाणी घालून झालं, आणि आठवड्यात जुन्या वणावर लिंबाएवढा फुगा आला. गावाने लगेच निदान केलं. कुणी म्हणालं, डॉक्टरने दोरा कच्चा वापरला. कुणी म्हणालं, कावड वाटेत भुईला टेकली असणार.

डॉक्टरांनी सहादेवला निजवलं. फुगा आत गेला. खोकायला लावलं, पुन्हा बाहेर आला.

"वरची कातडी जुळली, पण आतला पदर उसवलाय. त्यातून आतडं डोकावतंय. पट्ट्याने आवरेल, पण बरं व्हायचं नाही. पुन्हा उघडून शिवावं लागेल. तोवर फुगा कडक झाला, आत जाईना, उलट्या लागल्या, तर मिळेल त्या वाहनाने तडक इकडे यायचं. उचललंत तरी काय?"

"कावड," सहादेव छाती काढून म्हणाला. "म्या जगावं म्हनून हिनं नवस केल्ता."

डॉक्टर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, असं छबूबाईला वाटलं. आपणच मागून घेतलेला जीव आपणच उसवला, हे तिला दवाखान्यातल्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं.

दुसरं ऑपरेशन झालं. या खेपेला ती व्हरांड्यात हात पदराखाली दाबून बसली. जोडायची हिंमतच होईना. चुकून देवाने ऐकलंच तर?

आता वर्षभर वजन नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिसऱ्याच महिन्यात सहादेवचे खांदे शिवशिवू लागले. एका बाजाराच्या दिवशी त्याने पोती ओढायचा आकडा काढला.

"डाक्टर सांगनारच. त्याला कुठं पोती उचलायची हायेत?"

छबूबाई रडली, भांडली, पाया पडली. तो निघालाच. तेव्हा तिच्या तोंडून गेलं, "जाऊ नगा! म्या कानोबाला बोललेय. वरीसभर तुमी वजन उचलायचं न्हाई."

सहादेव जागीच थांबला.

"मग आदी सांगायचं न्हाई व्हय?" म्हणत त्याने आकडा खुंटीला लावला. बातमी बाजारात गेली, तसा एकही हमाल त्याला भाजीची पिशवीसुद्धा धरू देईना.

वर्ष सरलं. पोट शाबूत राहिलं. डॉक्टरचं एक ऑपरेशन वाया गेलं, बायकोचा नवस मात्र लागू पडला, असं सहादेव भेटेल त्याला सांगायचा. छबूबाई मान खाली घालून ऐकायची. न बोललेल्या नवसाची माफी कुठल्या पायरीवर मागायची, हे ती विचारणार तरी कुणाला?