बारा महिने फिरणारा पंखा

“बाहेर लोक कुडकुडतायत आणि हिचा पंखा आपला चालूच,” माझ्यासमोर मेथी निवडत वृंदाची आई, अंजनीबाई, काल पुटपुटल्या.

मित्रांनो, तो पंखा मी. मी एक जुना टेबलफॅन आहे. जन्म उल्हासनगरच्या खोलीवजा कारखान्यातला, अंगावर नाव मात्र परदेशी. बदलापूरच्या या घरात आलो तेव्हा वृंदा शाळेत होती. ती अभ्यासाला बसली की वारा माझा. घरातले म्हणत, आवाज करतो, पण गुणी आहे.

पुढे वृंदा सैन्यात नर्स झाली आणि मी माळ्यावर गेलो. ती परतली ती एका स्फोटातून वाचून. घर शांत झालं की तिला तो स्फोट पुन्हा ऐकू यायचा. तिनं मला खाली उतरवलं. माझ्या घरघरीत तिचा डोळा लागे. घरचे मात्र आल्यागेल्याला सांगत, वृंदाला उकाडा सोसत नाही. ऐन थंडीतही हेच. मीही गप्प. लाडका होतो ना.

मग पाठीवर बांधायची ती हवेची पिवळी टाकी आली. अंबरनाथच्या तरणतलावात शलाकाताई, स्वतः माजी सैनिक, सैन्यातून असं काही सोसून आलेल्या बायकांना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवतात. तिथं म्हणे फक्त आपला श्वास ऐकू येतो, आणि तो सावकाश घ्यायचा असतो. वृंदा त्या टाकीला रोज पुसते. माझ्या पात्यांवर बोटभर धूळ! आता तर समुद्रात उतरायचं ठरतंय. अंजनीबाई अडून बसल्या होत्या: उकडतं तर घरात पंखा आहे की. मला बरं वाटलं.

जळलो मी, मित्रांनो. काल सगळे घरात असताना मुद्दाम थांबलो. कळू दे एकदा माझी किंमत.

घर एकदम शांत झालं. वृंदानं टेबलाची कड घट्ट धरली. तिची पांढरी पडलेली बोटं पाहून मला फिरावंसं वाटलं, पण जुनं यंत्र अडलं की आपलं आपण सुटत नाही. तेवढ्यात तिनं डोळे मिटले. श्वास घेतला, सावकाश सोडला. पुन्हा घेतला. पाण्याखाली घेतात तसा.

तिचा भाऊ समीर उठला. “ताई, उकडेल तुला. नवीन पंखा आणतो.”

मित्रांनो, जुन्या पंख्याला अधूनमधून तेलाचा थेंब द्या. पण त्याच्या आवाजाआड कुणी काय सोसतंय, तेही विचारा. मला ठाऊक होतं, तरी मी कधी विचारलं नाही. समीर निघणार, तोच अंजनीबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली.

“बस खाली, समीर. तिला कधीच उकडत नव्हतं. तिला भीती वाटते. जाऊ दे तिला समुद्रात.”